वाढत्या मापाचा संगणक

सोमवार, २ सप्टेंबर

मापांच्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून तिथून लिहायला घेतलं आहे. पुढून छाती, कंबर, उंची. मागून मी.

आज शर्यतीचा अर्ज भरला. जोडीने खेळायची घाटशर्यत. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने वळणं सांगायची. चालक मी, वाटाड्या आमची लेक मुंगी. रविवारी २९ तारखेला, ज्याने त्याने आपापल्या घरी संगणकासमोर बसून. चौसष्ट जोड्या आहेत. मी त्रेपन्न वर्षांची, शाळांचे गणवेश शिवते, आणि खरी गाडी जन्मात कधी चालवलेली नाही. हे एकदा लिहून टाकलं की छातीतली धडधड थांबेल असं वाटलं होतं. थांबली नाही. पण मजा येतेय.

गेल्या वर्षी पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा लेकीने हा खेळ लॅपटॉपवर घालून दिला. ती नोकरीसाठी समुद्रापलीकडे असते. फोनवर आमचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘जेवले’ यांच्यापुढे जात नाही. पण मी गाडी चालवत असले आणि ती कानात ‘पुढे उजवं, मग चढ’ सांगत असली, की मधल्या सरळ रस्त्यावर तिला काय काय आठवतं! तिच्या साहेबिणीशी झालेलं भांडण मला तिसऱ्या घाटात कळलं.

अडचण लॅपटॉपची आहे. वळण आलं की चित्र अडकतं. सुटतं तेव्हा गाडी दरीत.

“आई, तुझा लॅपटॉप म्हातारा झालाय,” मुंगी म्हणाली. “सुटे भाग आणून नवा संगणक बांध. खेळासाठीचा.”

“अगं, मी गणवेश शिवते.”

“मग? मापं घ्यायची, बेतायचं, जोडायचं. वेगळं काय आहे त्यात?”

दुसरी अडचण ह्यांची. ह्यांनी एकतीस वर्षं बस चालवली. दोन वर्षांपूर्वी तपासणीत डाव्या डोळ्याने दगा दिला. दिसतं, पण एका डोळ्यामुळे समोरचं अंतर नीट कळत नाही. बसवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि या मार्चमध्ये निवृत्त केलं. तेव्हापासून घरात कुणी गाडीचा विषय काढत नाही. हे गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसतात. म्हणून हे संध्याकाळी फिरायला गेले की मी खेळते. मुंगीने पाठवलेलं स्टिअरिंग बेतायच्या टेबलाला लावलेलं आहे. एरवी त्याच्यावर अर्धवट शिवलेल्या पॅंटींचा ढीग असतो. जखमेवर मीठ कशाला चोळा?

बुधवार, ४ सप्टेंबर

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार बरणीसारखा गोल आणि बोलायला गोड.

“बोला मॅडम, मुलगा काय खेळतो?”

“मुलगा नाही. मुलगी आहे, एकोणतीस वर्षांची. आणि खेळते मी.”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग मात्र माझ्याशी माणसासारखं बोलला.

आजचं ज्ञान. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू, तो मदरबोर्ड नावाच्या पाटीवर बसतो. पण कुठलाही मेंदू कुठल्याही पाटीवर बसत नाही. बसायची जागा जुळावी लागते. मी म्हटलं, म्हणजे गळा आणि कॉलर. पंधराच्या गळ्याला साडेपंधराची कॉलर लावली तर सुरकुती येणारच. तो म्हणाला, “मॅडम, इथे सुरकुती येत नाही. इथे पाय मोडतात.” प्रोसेसरची जागा सुईच्या टोकाएवढ्या शेकडो पायांची असते.

रॅम म्हणजे तात्पुरती आठवण. तिच्या पट्टीला मधे खाच असते आणि पाटीवर त्याच ठिकाणी उंचवटा. जुन्या जातीची खाच वेगळ्या जागी, नव्या जातीची वेगळ्या. काज एकीकडे आणि बटण दुसरीकडे, असं. हे तर मला झोपेतही कळेल.

घरी येताना चालत आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

माझी खुर्ची कोण हलवतं कळत नाही. मी तिला टेबलापासून वीतभर ठेवते. काल गणवेश पोचवून आले तर ती चांगली चार बोटं मागे होती. खालचे पेडलही पुढे सरकलेले. मांजर असेल म्हणावं तर खुर्ची सागवानी.

शिवाय ह्यांचा दाढीचा आरसा टेबलाच्या उजव्या कोपऱ्याला तारेने बांधलेला. विचारलं, तर म्हणाले, “तिथे उजेड चांगला येतो.” आता माणूस बेतायच्या टेबलाशी दाढी करणार. निवृत्तीनंतर कुणाचं काय होईल सांगता येत नाही. काढला नाही मी. राहू दे बिचाऱ्यांना.

रविवार, ८ सप्टेंबर

मुंगीबरोबर सराव. चित्र सात वेळा अडकलं, आम्ही सहा वेळा दरीत. सातव्या वेळी झाडाने अडवलं.

खेळून झाल्यावर खेळातली नोंदवही उघडली. त्यात कोण कधी खेळलं, किती वेगाने, किती धडका, सगळं असतं. गुरुवारी अकरा ते एक कुणीतरी माझ्या नावावर खेळलंय! धडका शून्य. सरासरी वेग ताशी अडतीस. इंडिकेटरचा वापर चारशे अकरा वेळा. शर्यतीत इंडिकेटर कोण देतं?

“मुंगे, गुरुवारी तू माझ्या नावावर खेळलीस का?”

“मी? गुरुवारी तू कुठे होतीस?”

“गणवेश पोचवायला. मंगळवारी आणि गुरुवारी अकरा ते एक मी घरात नसते, तुला माहीत आहे.”

तिकडून खोकल्याचा आवाज. “हो हो, मीच असेन,” म्हणाली. “इकडून तुझं खातं उघडलं असेल.” आणि पुन्हा खोकली. तिला सर्दी झालीय असं दिसतंय. आल्याचा काढा घे म्हटलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

यादी पक्की! प्रोसेसर, त्याला जुळणारी पाटी, त्या पाटीला जुळणारी नव्या जातीची रॅम. हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहिले, तीनदा. दुकानदार म्हणाला, “तुमच्यासारखी गिऱ्हाईकं आली तर माझा परतीचा माल बंद होईल.”

वाद झाला तो पॉवर सप्लायवर. सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. तो म्हणाला, साडेपाचशे वॅट पुरे. मी म्हटलं, साडेसातशे द्या.

“कशाला मॅडम? निम्मा रिकामा राहील.”

“वाढत्या मापाचं घ्यावं.”

“हा संगणक आहे. पोरगं नाही उंच व्हायला.”

मी ऐकलं नाही. तीस वर्षं मी पॅंटीच्या खाली चार बोटं दुमड सोडत आलेय. वर्षभराने आया येऊन दुमड उसवून घेतात आणि मला दुवा देतात. गावात गणवेश शिवणारे सहा आहेत, पण ‘काकूंचा गणवेश एक वर्ष जास्त पुरतो’ हे फक्त माझ्याबद्दल म्हणतात.

कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा सांगाडा, मात्र मधल्या मापाचं घेतलं. ते टेबलाखाली पायांजवळ बसायला हवं. खोक्यावर छापलंय : आतल्या ग्राफिक्स कार्डाची लांबी जास्तीत जास्त ३२० मिलिमीटर. हे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

ग्राफिक्स कार्ड मिळालं! चित्रं तेच काढतं, खेळात सगळी भिस्त त्याच्यावर. नवं फार महाग, म्हणून दुकानदाराने एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्या स्वतः खेळतात आणि त्यांनी मोठं कार्ड घेतलंय, जुनं द्यायचं होतं. दवाखान्यातच गेले. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून, आणि बाई मला सांगतायत, “काकू, घाटात उतारावर ब्रेक मारून वळू नका. आधी वेग कमी करा, मग वळा.” गृहस्थाने आ वासूनच मान हलवली. तेही खेळत असणार.

कार्डाचं खोकं हरवलेलं. म्हणून पिशवीतून माझी टेप काढली आणि मापलं. ३१८. दोनदा मापलं. ३१८. दोन मिलिमीटर सैल! याला म्हणतात बेत. एवढं चपखल माप मी शाळेच्या ब्लेझरला पण कधी काढलं नव्हतं.

कार्ड विटेसारखं जड आहे. रिक्षातून येताना मांडीवर बाळासारखं धरलं होतं.

सोमवार, १६ सप्टेंबर

सगळे भाग घरी आले. खोकी दिवाणावर मांडली आणि नुसती बघत बसले. मग हे आले.

“हे काय?”

तोंडाला आलं ते मी बोलले. “डिझाईनचं यंत्र आहे. गणवेशाची डिझाईनं काढायचं.”

“हं,” म्हणाले. एक खोकं उचलून चष्मा कपाळावर सरकवला. “तीन पंखे आहेत.”

“हो, तापतं म्हणे.”

“हवा कुठून घेतं? पुढून?”

“पुढून घेतं, मागून सोडतं.”

“बरोबर आहे,” म्हणाले आणि गॅलरीत गेले. वर्षात पहिल्यांदा ह्यांनी एखादी गोष्ट बरोबर म्हटली असेल. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं. पण काय सांगू? तुमचं स्टिअरिंग गेलं त्या घरात मी शर्यतीचं स्टिअरिंग आणून लावलंय, असं?

मंगळवार, १७ सप्टेंबर

सकाळपासून हात शिवशिवत होते. गणवेश पोचवायला आज शेजारच्या शिंपीणबाईंना पाठवलं. हे का कोण जाणे हिरमुसले. “आज तू जाणार नाहीस?” असं तीनदा विचारलं. शेवटी वर्तमानपत्र घेऊन बागेत गेले.

प्रोसेसर बसवला. कोपऱ्यातला त्रिकोण पाटीवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. अलगद बसला. मी श्वास सोडला तो शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. रॅमच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी टक्‌ टक्‌. त्या आवाजासाठी मी आणखी चार पट्ट्या बसवल्या असत्या. पाटी कॅबिनेटमध्ये, नऊ स्क्रू. वीज देणारा डबा खाली. वायरी मागून नेल्या, टीप आतल्या बाजूला लपवावी तशा.

मग शेवटी कार्ड. बसेना.

मागची बाजू खाचेत येते, पण पुढचं टोक कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यावर अडतं. नखाएवढं. नखाएवढंच हवं आणि तेवढंच नाही. पुन्हा मापलं. कार्ड ३१८. मग कॅबिनेट आतून मापलं, आणि माझा संताप संताप झाला. ३१२! खोक्यावर छापलंय ३२०. सरळसरळ लबाडी!

तडक दुकान गाठलं. कार्ड, कॅबिनेट, टेप, सगळं घेऊन. दुकानात चार गिऱ्हाईकं होती, तरी मी आवाज खाली घेतला नाही. दुकानदाराने लोखंडी पट्टी काढली आणि कार्डाला लावली. ३२६. कॅबिनेटला लावली. ३२०. मग माझ्या टेपला लावली.

माझी टेप ताणलेली आहे. कापडी टेप, बावीस वर्षांची, रोज गळ्यात. ताणून ताणून तिचे आकडे एकमेकांपासून लांब गेलेत. ती जे अठ्ठावीस म्हणते ते खरं पावणेएकोणतीसच्या जवळ असतं. पोराला समोर उभं करून माप घेतलं तर बिघडत नाही, कारण कापडही मी त्याच टेपने बेतते. चूक चुकीला फिटते. पण शाळा जेव्हा कागदावर छापील मापं पाठवतात, तेव्हा माझा कपडा त्याहून मोठाच निघतो...

रस्त्यात थांबले. ‘काकूंचा गणवेश एक वर्ष जास्त पुरतो.’ बावीस वर्षांचं नाव. आणि ते टेपने कमावलंय.

बुधवार, १८ सप्टेंबर

काही सुचत नाही. मोठं कॅबिनेट मागवलं तर तीन तारखेला येणार. शर्यत एकोणतीसला. छोटं कार्ड दुकानदाराकडे आहे, पण ते आमच्या शर्यतीला पुरणार नाही म्हणतो. मुंगीने या शर्यतीसाठी रजा टाकली आहे. तिला कळवायला हवं की नाव काढून घेऊ, आणि माझ्याने फोन करवत नाही. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.

खरं लिहायचं तर मला जिंकायचं नाहीच. मला ते दोन तास हवे आहेत. पण त्रेपन्नाव्या वर्षी कुणाला सांगायचं, की सहा मिलिमीटरसाठी माझा दिवस गेला?

हे जेवताना म्हणाले, “यंत्र बसलं नाही वाटतं.” मी म्हटलं, नाही बसलं. “किती?” म्हटलं, सहा मिलिमीटर. ह्यांनी आणखी थोडी कोशिंबीर माझ्या ताटात वाढली.

गुरुवार, १९ सप्टेंबर

बसलं!!

मी गणवेश पोचवून एक वाजता आले. टेबलावर ह्यांची डेपोतली हत्यारांची पेटी उघडी, दोन वर्षांत पहिल्यांदा. कार्ड कॅबिनेटमध्ये, स्क्रूसकट. आणि हे हात पुसत उभे.

“कसं केलं?”

“पंखे आत होते. बाहेर लावले.”

बघितलं तर कॅबिनेटची पुढची जाळी आणि सांगाडा यांच्यामधे दोन बोटं पोकळी होती, ती मला दिसलीच नव्हती. ह्यांनी पंखे आतून काढून त्या पोकळीत बसवले. आत अडीच सेंटिमीटर जागा झाली. मला सहाच मिलिमीटर हवे होते.

“पंखा आत असो की बाहेर,” हे म्हणाले, “हवा आल्याशी मतलब. आमच्या जुन्या बसगाड्यांचे रेडिएटर असेच बसवायचो आम्ही.” मग कार्डाकडे बघून अगदी साळसूद चेहऱ्याने, “डिझाईन काढायला एवढं मोठं कार्ड लागतं?”

“मोठी डिझाईनं आहेत,” मी म्हटलं.

“चौकड्यांची असतील.”

“हो. चौकड्यांची.”

दोघेही गंभीर. मला हसू दाबताना ठसका लागला. कशाचं हसू ते मात्र ह्यांना कळलं नसेल.

शुक्रवार, २० सप्टेंबर

चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “पडद्याची वायर कुठे लावलीत? पाटीला की कार्डाला?” पाटीला लावली होती. काढून कार्डाला लावली आणि पडद्यावर अक्षरं आली. मी टाळ्या वाजवल्या. गॅलरीतूनही एक टाळी आली असं वाटलं. बहुतेक कबूतर उडवलं असेल.

संध्याकाळी हे फिरायला गेल्यावर खेळ लावला. काय सांगू! घाटातला दगड न्‌ दगड दिसतो. झाडांची पानं हलतात. वळणावर चित्र अडकत नाही, कापडातून नवी सुई जावी तसं सरकतं. मी पहिल्याच वळणावर दरीत गेले, पण ते माझ्यामुळे, यंत्रामुळे नाही. केवढं समाधान!

मंगळवार, २४ सप्टेंबर

सराव चालू आहे. माझा उजवा पाय सुधारत नाही. शिलाई मशीनच्या पेडलवर तीस वर्षं गेली, तो एकतर पूर्ण दाबतो नाहीतर पूर्ण सोडतो. मधलं त्याला येत नाही.

हे हल्ली विचित्र वागतात. रोज सकाळी विचारतात, “आज पोचवायला जायचंय का?” काल तर गणवेशाची पिशवी स्वतः भरून दाराशी ठेवली. मी घरात नको झालेय का? निवृत्त माणसाला एकटं बसावंसं वाटतं म्हणे. वाटू दे. पण थोडं लागलं मनाला.

खुर्ची पुन्हा चार बोटं मागे. नोंदवहीत आज अकरा ते पाऊण. धडका शून्य. मुंगीची रजा आत्तापासूनच सुरू झाली की काय?

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आज सांगून टाकलं. दुपारी चहा दिला आणि एका दमात बोलले. ते डिझाईनचं यंत्र नाही, गाडीच्या शर्यतीचं आहे, वर्षभर खेळतेय, तुमच्यापासून लपवलं, वाईट वाटू नये म्हणून लपवलं, रविवारी शर्यत आहे.

ह्यांनी चहा संपवला. “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“इंजिनाचा आवाज जिन्यात ऐकू येतो. फिरून आलो की पायरीवर बसायचो. तुझं संपेपर्यंत.”

वर्षभर! हे थंडीतसुद्धा पायरीवर बसले असतील.

“तुम्हाला त्रास होत नाही?” मी विचारलं.

“होतो,” हे म्हणाले. “दुसऱ्या गिअरला वळण घेतेस आणि क्लच सोडतच नाहीस. बाहेर बसून ऐकवत नाही.”

रविवार, २९ सप्टेंबर

आजचं आजच लिहिणार.

शर्यत चारला. घाटाचे दोन टप्पे, मधे दहा मिनिटं विश्रांती. हे आज फिरायला गेले नाहीत. माझ्यामागे स्टुलावर बसले, हाताची घडी घालून. मुंगी कानात. आज मी आवाज बाहेरच्या स्पीकरवर ठेवला, ह्यांनाही ऐकू यावा म्हणून.

“आई, तयार? पुढे लांब डावं, मग लगेच उजवं, उतार आहे.”

पहिला टप्पा मी कसा पार केला ते देव जाणे. यंत्र एकदाही अडकलं नाही. तीन वेळा कठड्याला घासले. एकदा एका फलकावर चढले. मागून प्रत्येक वळणाला ह्यांचा पाय जमिनीवर दाबल्याचा आवाज. जिथे ब्रेक हवा, बरोबर तिथे. आम्ही चौसष्टात त्रेसष्टावे. चौसष्टाव्यांची वीज गेली होती.

विश्रांतीत मी पाणी प्यायले. मुंगी म्हणाली, “आई, नियमात आहे. दुसऱ्या टप्प्याला चालक बदलला तर चालतो. घरातलाच हवा.”

मी मागे वळले. हे स्टिअरिंगकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मी दोन वर्षं ज्याची भीती बाळगली होती तो प्रश्न माझ्या तोंडून इतका साधा निघाला, की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

“तुम्ही बसता का?”

“माझा डोळा,” हे म्हणाले.

“बाबा,” स्पीकरमधून मुंगी, “बसा ना.”

हे उठले. टेबलाजवळ आले, पडद्यासमोर वाकले. मग हळूच म्हणाले, “नाहीतरी पडदा सपाट आहे. इथे सगळेच एका डोळ्याने बघतात.”

खुर्ची चार बोटं मागे घेतली. पेडल पायाने पुढे सरकवले. उजव्या कोपऱ्यातला दाढीचा आरसा किंचित तिरका केला, त्यात मागचं दार दिसतं. आणि न विचारता डाव्या हाताने गाडी चालू करायचं बटण दाबलं. ते कुठे आहे हे मला कळायला आठ दिवस लागले होते. चालकाचा हात तो चालकाचाच. पहिल्यांदाच बसलेत असं कुणी म्हटलं नसतं.

“पुढे डावं वळण, बाबा.”

“दिसतंय. पण तू सांगत राहा.”

लहानपणी सुट्टीत ती ह्यांच्या मागच्या पहिल्या सीटवर बसायची आणि येणारे थांबे ओरडून सांगायची. तोच सूर. मी स्टुलावर बसले आणि पदराने तोंड झाकलं.

कसं चालवलं! घाई नाही, धक्का नाही. चढाला गाडी कण्हली नाही. एका ठिकाणी रस्ता सुईच्या नाकातून जावा तसा दोन कड्यांमधून जातो. तिथे हे कुणालाही उद्देशून नाही असं, अगदी सवयीने म्हणाले, “धरून बसा.”

आम्ही दोघींनी धरलं. ती समुद्रापलीकडे आणि मी स्टुलाला.

शेवटी पडद्यावर निकाल आला. एकूण एकेचाळिसावे. मुंगी इकडे तिकडे नाचत असावी, खुर्ची पडल्याचा आवाज आला. हे मात्र निकाल न वाचता खालची नोंद वाचत होते. “एकही ओरखडा नाही,” म्हणाले आणि हॅंडब्रेक ओढला. मग कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मीही उठवलं नाही.

आता हे गॅलरीत आहेत, पण खुर्ची रस्त्याकडे पाठ करून, तोंड घरात. मुंगीला विचारतायत की या यंत्राला दुसरं स्टिअरिंग लावता येतं का, दोघांनी एकदम चालवायला. ती म्हणाली, हो. तरी बरं, मी वाढत्या मापाचं घेतलंय. दुकानदाराला उद्याच सांगते.

नवी टेपही आणायची आहे, संगणकाच्या कामासाठी. गणवेशाला जुनीच.

झोपण्याआधी नोंदवही पाहिली. दुसरा टप्पा : धडका शून्य, इंडिकेटरचा वापर दोनशे सहा वेळा. मुंगी माझ्या नावावर खेळली त्या गुरुवारीही असंच होतं, धडका शून्य आणि इंडिकेटर चारशे अकरा. बापाच्या बसमध्ये बसून वाढलेली पोर, तशीच चालवणार. हे ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. “लेक अगदी तुमच्यावर गेलीय हो,” म्हटलं.

ह्यांना एवढा जोराचा खोकला आला, की पाणी आणून द्यावं लागलं. मुंगीचीच सर्दी असणार. पण ती तर समुद्रापलीकडे.